स्त्रातेगोस म्हणजे सेनापती का? प्राचीन ग्रीक सैन्यातले हुद्दे मराठीत आणताना

कात्रणवही

ग्रीक लढायांवर मराठीत टिपणं लिहायला घेतली आहेत आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. इंग्रजी पुस्तकं सरसकट जनरल, कर्नल, कॅप्टन लिहून मोकळी होतात. तेच मराठीत ओढलं तर माझी उतरंड अशी होते: सगळ्यात वर पोलेमार्खोस (सरसेनापती), मग स्त्रातेगोस (सेनापती), मग ताक्सिआर्खोस (कर्नल), मग लोखागोस (कॅप्टन). घोडदळाला हिप्पार्खोस, आरमाराला नाउआर्खोस.

प्रश्न तीन. ही उतरंड बरोबर आहे का? प्रत्येकाच्या हाताखाली माणसं किती? आणि मराठीत रुळतील असे शब्द कोणते? जाणकारांनी लिहावं.

शिळोपा

वाचनखूण साठवली आहे. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

फरसबंदी

माझं भांडण उतरंड या शब्दाशीच आहे. अथेन्सपुरतं लिहितो.

अथेन्समध्ये हुद्दा नव्हता, पद होतं, आणि तेही एका वर्षाच्या बोलीवर. इ.स.पू. ५०१ च्या सुमारास दहा फिलींमधून दरवर्षी दहा स्त्रातेगोस निवडायची पद्धत सुरू झाली. (फिली म्हणजे क्लिस्थेनीसने पाडलेले नागरिकांचे दहा गट. कोशात 'जमात' दिसेल, ते घेऊ नका, वाचकाला जंगल दिसायला लागतं.) पुढे बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून भरली जाऊ लागली, पण लष्करी पदं सभेत हात वर करूनच. चिठ्ठीने आलेला माणूस धान्याची मापं तपासायला चालतो, फौज न्यायला चालत नाही, एवढं त्यांना कळत होतं. आणि पुन्हा निवडून यायला बंदी नव्हती. पेरिक्लीस ४४३ पासून मरेपर्यंत जवळजवळ दरसाल स्त्रातेगोस होता, फोकिओन तर ४५ वेळा निवडून आला असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

पण वर्ष संपलं की पद संपलं. हिशेब द्यायचा, तपासणी व्हायची, आणि पुन्हा निवडून आला नाहीत तर पुढच्या मोहिमेत ढाल घेऊन रांगेत. 'माजी सेनापती' म्हणून वेगळी पंगत नाही. मधल्या काळातही सुटका नव्हती. अथेन्सचं कारभारी वर्ष दहा भागांत पडायचं, आणि प्रत्येक भागात सभेला विचारलं जायचं: हे लोक काम नीट करताहेत का? बहुमत 'नाही' म्हणालं तर पदावरून खाली आणि थेट कोर्टात.

आता तुमचा पोलेमार्खोस. नावाचा अर्थ युद्धप्रमुख, म्हणून तुम्ही त्याला वर बसवलंत. ४९० च्या मॅरेथॉनपर्यंत ते चाललं असतं. तिथे दहा स्त्रातेगोसांत लढावं की थांबावं यावर फूट पडली आणि पोलेमार्खोस कालिमाखोसच्या अकराव्या मताने लढाई ठरली. तो उजव्या बगलेवर लढला आणि तिथेच पडला. मात्र ४८७ पासून आर्खोन (शहराचे नऊ वार्षिक कारभारी) चिठ्ठीने निवडू लागले, पोलेमार्खोस हा त्या नवांपैकीच एक, त्यामुळे तो लढाईतून बाहेर पडला. त्यानंतर त्याच्याकडे युद्धात मेलेल्यांसाठीचे खेळ, काही यज्ञबळी आणि परक्या रहिवाशांचे खटले राहिले. चौथ्या शतकातल्या अथेन्सबद्दल लिहिताना त्याला सरसेनापती म्हणालात तर घोटाळा होईल.

वाकडी_वाट

दर प्रभागातून एक, हात वर करून निवड, दर महिन्याला विश्वासदर्शक ठराव. सेनापती कसले, नगरसेवक म्हणा की.

फरसबंदी

हसू नका, वक्ता डेमॉस्थेनीसने भर सभेत जवळपास हेच सुनावलं होतं. तुम्ही दहा ताक्सिआर्खोस, दहा स्त्रातेगोस, दहा फिलार्खोस (एकेका फिलीच्या घोडेस्वारांचे प्रमुख) आणि दोन हिप्पार्खोस निवडता, त्यातला एखादा लढाईवर जातो आणि बाकीचे मिरवणुका काढतात. कुंभार बाजारात मांडायला मातीचे पुतळे करतो, तसे तुम्ही अधिकारी करता, असं तो म्हणाला.

उगीचच

ते ठीक, पण रणांगणावर दहा जण मिळून हुकूम देत होते का? बारभाईची खेती, काय लागेल हाती. असं सैन्य एक लढाई जिंकू शकणार नाही, आणि अथेन्सने तर पन्नास-साठ वर्षं समुद्रावर राज्य केलं. काहीतरी राहून जातंय.

फरसबंदी

दहाही एकत्र क्वचितच निघायचे. मोहीम ठरली की सभा त्यातले एक, दोन किंवा तीन नेमून द्यायची, सोबत किती जहाजं आणि किती माणसं तेही ठरवून. चौथ्या शतकात निम्म्यांना कायमची कामं वाटलेली दिसतात: एक हॉप्लाइट (मोठी ढाल आणि भालावाल्या) पायदळाकडे, एक अथेन्सभोवतालच्या अटिका मुलुखाच्या रक्षणाला, दोन पिरेउस बंदराला, एक जहाजांचा खर्च उचलणाऱ्या श्रीमंतांच्या गटांवर. उरलेले पाच गरज पडेल तसे.

तरी बारभाईचा मुद्दा खोटा नाही. ४१५ ची सिसिलीची मोहीम बघा. निकियास, अल्किबियादीस आणि लामाखोस, तिघांनाही पूर्ण अधिकार. पोचल्यावर तीन योजना. निकियास म्हणतो ताकद दाखवू, जमेल तेवढा समझोता करू आणि परत जाऊ. अल्किबियादीस म्हणतो आधी आजूबाजूची शहरं फोडू. लामाखोस म्हणतो आत्ता, सिराक्यूज बेसावध असतानाच, थेट घाला. लष्करी अक्कल तिसऱ्यात होती, पण त्याने स्वतःच अल्किबियादीसच्या पारड्यात मत टाकलं. थोड्याच दिवसांत अल्किबियादीसला खटल्यासाठी माघारी बोलावलं, तो वाटेतून पळाला. पुढच्या वर्षी लामाखोस पडला. उरला मुळात मोहीम नकोच म्हणणारा आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने बेजार निकियास.

गंमत म्हणजे समोरच्या सिराक्यूजने मोहिमेच्या पहिल्याच हिवाळ्यात उलटा धडा घेतला. त्यांच्याकडे पंधरा स्त्रातेगोस होते. पहिल्या पराभवानंतर हर्मोक्रातीसने सभेत सांगितलं की शिपायांत धैर्याची कमी नाही, हुकूम देणारी तोंडं जास्त झाली आहेत. पंधराचे तीन केले, पूर्ण अधिकार दिले आणि त्यांच्या मुखत्यारीला हात न लावण्याची शपथ घेतली.

लाल_झगा

अथेन्सवर फार वेळ गेला. धागाकर्त्याला उतरंड हवी असेल तर ती स्पार्टात आहे.

इतिहासकार थुसिडिडीस ४१८ च्या मांतिनेइआच्या लढाईत साखळी सांगतो. राजा पोलेमार्खोसांना हुकूम देतो, ते लोखागोसांना, ते पेन्तेकोन्तेरांना, ते एनोमोतार्खोसांना, आणि ते आपल्या एनोमोतियाला. वर शेरा मारतो की स्पार्टाचं जवळपास सगळं सैन्य म्हणजे अधिकाऱ्यांवरचे अधिकारी. इतर ग्रीकांना हे नवलाचं वाटलं म्हणूनच त्याने ते लिहिलं.

आकडेही देतो. सात लोखोस, प्रत्येकात चार पेन्तेकोस्तीस, प्रत्येकात चार एनोमोतिया. एनोमोतियाच्या पहिल्या ओळीत चार माणसं, खोली साधारण आठ ओळींची. म्हणजे एनोमोतिया ३२ ची (शब्दाचा अर्थ 'शपथेने बांधलेले'), पेन्तेकोस्तीस १२८, लोखोस ५१२. पहिली ओळ ७×४×४×४ = ४४८. त्याला ८ ने गुणा, ३५८४. डावीकडचे ६०० स्किरिताई (स्किरितिस या डोंगराळ सीमाभागातले लोक) वेगळे. पेन्तेकोस्तीस या नावात 'पन्नास' आहे आणि माणसं १२८, हे लक्षात असू द्या.

पुढच्या पिढीतला इतिहासकार झेनोफन याच्या काळात सहा मोरा (मोठ्या पलटणी) दिसतात आणि एकेका मोरावर एक पोलेमार्खोस. हा पोलेमार्खोस अथेन्सवाला नव्हे, खरोखर फौज चालवणारा. थेब्जमध्येही पोलेमार्खोस आहेत, ते शहराचे कारभारी. तिथे फौज चालवणारे बिओतार्खोस, आधी अकरा, ३७९ च्या उठावानंतर सात. एक शब्द, तीन शहरं, तीन वेगळी माणसं. म्हणून एकाच मराठी शब्दात तिघांना कोंबू नका.

साखळीचा उपयोग काय, ते हुकूम देणारा मेला की कळतं. ४२५ मध्ये स्फाक्तेरिया बेटावर स्पार्टाच्या बाजूचे ४२० हॉप्लाइट अडकले. प्रमुख एपितादास मेला. दुसरा हिप्पाग्रेतास मेलेल्यांच्या ढिगात मेला म्हणून पडलेला. तिसरा स्तिफोन. पहिल्या दोघांना काही झालं तर कोण, हे कायद्याने आधीच ठरलेलं होतं, म्हणून त्या कोंडीतही वाटाघाट कोणाशी करायची हा प्रश्न पडला नाही. त्याने पलीकडच्या किनाऱ्यावरच्यांना विचारून पाहिलं. उत्तर आलं: स्वतःचं स्वतः ठरवा, फक्त लाजिरवाणं काही करू नका. २९२ जण शरण आले.

उगीचच

स्पार्टाभक्त आले. त्याच मांतिनेइआत साखळी तुटली होती ते गाळलंत.

लाल_झगा

गाळलं नाही, येणारच होतो.

हॉप्लाइटची फळी चालताना उजवीकडे सरकते. ढाल डाव्या हातात, शरीराची उजवी बाजू उघडी, त्यामुळे प्रत्येक जण शेजारच्याच्या ढालीआड शिरायला बघतो. अगदी उजव्या टोकाचा माणूस आपली उघडी बाजू शत्रूपासून दूर नेतो आणि त्याच्यामागे सगळी फळी कलते. दोन्ही फौजा तशाच सरकल्या आणि राजा आगिसला दिसलं की आपली डावी बगल वेढली जाणार. त्याने ऐन चालीत डावीकडच्या तुकड्यांना आणखी डावीकडे व्हायला सांगितलं आणि पडलेली फट भरायला हिप्पोनोइदास व अरिस्तोक्लीस या दोन पोलेमार्खोसांना उजवीकडून दोन लोखोस आणायचा हुकूम पाठवला. ते हलले नाहीत. शत्रू त्या फटीतून आत घुसला. लढाई स्पार्टाने जिंकली, आणि घरी गेल्यावर दोघांना भित्रेपणाच्या आरोपाखाली हद्दपार केलं.

माझ्या मते दोष निम्मा आगिसचा. समोरासमोर भिडायला काही क्षण उरलेले असताना हजारभर माणसं फळीच्या एका टोकाकडून दुसरीकडे न्यायची म्हणजे फळीच्या पाठीमागून फिरवायची. साखळी कितीही चांगली असली तरी पाय तेच.

निळीशाई

मुळात आवाज पोचायचा कसा? हजारो माणसं, डोक्यावर कान झाकणारी शिरस्त्राणं.

फरसबंदी

पोचायचा नाही. ४२४ ला डेलिऑनमध्ये अथेन्सचा स्त्रातेगोस हिप्पोक्रातीस फळीसमोरून चालत चालत भाषण करत होता, कारण एका जागी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तो फळीच्या मध्यापर्यंत पोचला तोच थीबन टेकडीवरून उतरून अंगावर आले. उरलेल्या निम्म्या फौजेला भाषण मिळालंच नाही. हिप्पोक्रातीस त्या लढाईत मारला गेला. स्त्रातेगोस स्वतः पहिल्या ओळींत लढायचा, त्यामुळे भिडल्यानंतर तो हुकूम देणारा राहतच नसे, एक भालाईत होई. जे काय ठरवायचं ते आधी: कोण कुठे उभं राहील, खोली किती, सुरुवात केव्हा.

सोळावा_गडी

मॅसिडोनियन पद्धतीच्या फळीत यावर इलाज केलेला दिसतो. १६ × १६ म्हणजे २५६ जणांचं सिंताग्मा, आणि रांगेबाहेर पाच जादा माणसं. पुकाऱ्या तोंडी हुकूम सांगतो. गोंगाटात आवाज बुडाला तर निशाणवाला खूण करतो. धुळीत निशाण दिसेनासं झालं तर तुतारीवाला वाजवतो. एक हुजऱ्या, लागेल ते आणून द्यायला. आणि पाचवा उरागोस, सगळ्यात मागे, मागे रेंगाळणाऱ्याला जागेवर परत आणायला. एक साधन बंद पडलं तर दुसरं, असा सरळ हिशेब.

ही फळी शिकवणाऱ्या जुन्या ग्रीक लष्करी पोथ्यांतली सगळी शिडी दुपटीची आहे. १६ ची एक रांग (लोखोस), तिच्या डोक्यावर लोखागोस. दोन रांगा ३२, मग ६४ वर तेत्रार्खोस, १२८ वर ताक्सिआर्खोस, २५६ वर सिंताग्मातार्खोस, ५१२, १०२४ वर खिलिआर्खोस, २०४८, ४०९६ ची फालांगार्खिया, आणि अशा चार मिळून १६,३८४. कागदावर देखणं. प्रत्यक्ष सैन्य इतकं सम निघत नाही, पण अधली पदं खरी होती. अम्फिपोलिसला मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याच्या काळातला लष्करी नियमांचा शिलालेख सापडला आहे, त्यात तेत्रार्खोसांनी रात्रीची गस्त दिव्याशिवाय घालायची असं कलम आहे. पहारेकऱ्याला साहेब येताना दिसू नये म्हणून. हत्यारं कमी आढळली तर दंड, आणि अधिकाऱ्याला दुप्पट.

धागाकर्त्यासाठी मोठा खड्डा इथे आहे: लोखागोस = कॅप्टन. लोखोस स्पार्टात ५१२, झेनोफन ज्यात होता त्या भाडोत्री फौजेत साधारण १००, मॅसिडोनियन पोथीत १६. अथेन्समध्ये ताक्सिआर्खोस आपल्या फिलीच्या पलटणीत लोखागोस नेमायचा, तिथली संख्या आणखी निराळी. तुमचा कॅप्टन एका पानावर पाचशेंचा धनी आणि दुसऱ्या पानावर एका रांगेचा म्होरक्या.

मोडी_आणि_मी

नावातला आकडा आणि डोकी जुळत नाहीत याचं मराठी माणसाला नवल नको. बखरकार सभासद शिवकालीन घोडदळाची बांधणी सांगतो ती आठवा. २५ बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. २५ × ५ × १० = १२५०. नाव हजारी.

सोळावा_गडी

वा! तिकडेही मॅसिडोनियन रांगेचं जुनं नाव देकास, म्हणजे दहाची, आणि माणसं सोळा. रांगेचा म्होरक्या देकादार्खोस, दशनायक म्हणू. ३२३ मध्ये बॅबिलोनला अलेक्झांडरने पर्शियन मिसळून जी रांग बनवली तिचा तपशील आरियन देतो. पुढे देकादार्खोस, मग दिमोइरितेस म्हणजे दुप्पट पगारवाला, मग देकास्तातेरोस म्हणजे दहा स्तातेर (नाणी) वाला, मग बारा पर्शियन, आणि शेवटी पुन्हा एक दहा स्तातेरवाला. मोजा, सोळा. मधल्या दोन्ही हुद्द्यांची नावं पगारावरून पडलेली.

वाकडी_वाट

सातवा वेतन आयोग.

उगीचच

पगाराचं निघालंच आहे तर, वरच्यांना किती मिळायचं?

निळीशाई

झेनोफनच्या दहा हजारांच्या भाडोत्री फौजेत हिशेब ठरलेला दिसतो. ३९९ मध्ये स्पार्टाच्या थिब्रोनने देऊ केलेला दर: शिपायाला महिना एक दारिक (पर्शियन सोन्याचं नाणं), लोखागोसला दोन, स्त्रातेगोसला चार. त्याआधी थ्रेसच्या सेउथेसने देऊ केलेल्या दरातही हेच एकास दोनास चार. सेनापतीला शिपायाच्या फक्त चौपट, हे आजच्या कोणत्याही कंपनीत सांगून बघा.

त्याच फौजेत हुद्दे गरजेतून कसे उगवतात हेही दिसतं. ४०१ मध्ये पर्शियन सुभेदार तिस्साफेर्नीसने दगाबाजीने पाच स्त्रातेगोस पकडले, भेटीला सोबत गेलेले वीस लोखागोस जागीच कापले. रात्रीतून नवे निवडले. मग पोकळ चौकोन करून चालायला लागले तेव्हा नवी अडचण. रस्ता अरुंद झाला किंवा पूल आला की चौकोनाच्या बाजू आत दाबल्या जातात, माणसं एकमेकांत चेपतात. पुढे मोकळं झालं की बाजू फाकतात आणि मध्ये भगदाड. उपाय म्हणून शंभर-शंभरचे सहा लोखोस वेगळे काढले, त्यांच्यावर लोखागोस, खाली पन्नासांवर एक आणि त्याखाली एनोमोतार्खोस. दाबलं की हे मागे राहायचे. भगदाड पडलं की ते भरायचे: लहान असेल तर लोखोस एकामागे एक, मोठं असेल तर पन्नास-पन्नास शेजारी शेजारी, फारच मोठं असेल तर एनोमोतिया शेजारी शेजारी. जेवढे बारीक तुकडे आणि प्रत्येकाला म्होरक्या, तेवढी रुंदी पटकन बदलता येते. हुद्दा का हवा याचं इतकं उघड उत्तर दुसरीकडे मिळणार नाही.

तांडेल_बंदर

आरमाराला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

अथेन्सच्या त्रिरेम जहाजावर साधारण २०० माणसं. १७० वल्हेकरी (वरच्या ओळीत ६२, मधल्या आणि खालच्या ओळीत ५४-५४), दहा सैनिक, चार धनुर्धर आणि सोळा जणांचा जहाजी ताफा. कागदोपत्री प्रमुख त्रिएरार्खोस. हा खलाशी असायचाच असं नाही. तो वर्षभर जहाज बाळगायचा खर्च अंगावर आलेला श्रीमंत नागरिक. शहर जहाजाचा सांगाडा आणि पगार द्यायचं, तोही कधी मिळे कधी नाही, डागडुजी आणि चांगले वल्हेकरी टिकवायचा खर्च याच्या खिशातून. पाचव्या शतकाच्या शेवटी एकट्याला झेपेना म्हणून दोघांत एक जहाज वाटून द्यायला लागले.

जहाज खरं चालवायचा किबेर्नेतेस, सुकाणूवाला. आपल्याकडचा तांडेल. त्याच्या खाली केलेउस्तेस वल्ह्यांचा ठेका आणि वल्हेकऱ्यांची मर्जी दोन्ही सांभाळणारा, नाळेवर पुढचं पाणी बघणारा प्रोरेउस, बासरीवाला, जहाजाचा सुतार. आणि एक पेन्तेकोन्तार्खोस, नावात पन्नास, काम हिशेब आणि पुरवठ्याचं. त्रिएरार्खोसला 'जहाजाचा कप्तान' लिहिलंत तर किबेर्नेतेसला लिहायला शब्द उरणार नाही.

नाउआर्खोस अथेन्सचा नव्हे, तो स्पार्टाचा. अथेन्सचं आरमारही स्त्रातेगोसच न्यायचे, जमीन-पाणी असा भेद नाही.

मोडी_आणि_मी

नाउआर्खोससाठी 'सरखेल' घ्या ना, तयार शब्द आहे.

तांडेल_बंदर

कानाला छान, पण सरखेली आंग्र्यांच्या घरात पिढीजात राहिली. स्पार्टाचा नाउआर्खोस एका वर्षाचा, आणि त्याच माणसाला दुसऱ्यांदा नेमायला कायद्याने बंदी. ती बंदी नडली तेव्हा काय केलं बघा. मित्रशहरांना आणि पर्शियाचा राजपुत्र सायरस याला स्पार्टाचा लिसांडरच परत हवा होता, तो तर आधीच एकदा नाउआर्खोस होऊन गेलेला. ४०५ मध्ये नाउआर्खोस म्हणून अराकोसला पाठवलं आणि लिसांडरला त्याचा एपिस्तोलेउस, म्हणजे चिटणीस-दुय्यम. जहाजं लिसांडरच्या ताब्यात. त्याच वर्षी त्याने एगोस्पोतामीला अथेन्सचं आरमार संपवलं. कागदावर तो दुय्यमच होता.

वाकडी_वाट

सरपंचपती!

शिळोपा

=)) वरच्या प्रतिसादाला दंडवत.

उगीचच

फरसबंदी, तुम्ही म्हणता अथेन्समध्ये हुद्दा नाही. पण लोखागोस, मग ताक्सिआर्खोस, मग स्त्रातेगोस अशी बढती होतच असणार. अनुभवी माणूस वर जाणारच.

फरसबंदी

जायचा, पण हक्काने नाही. झेनोफनने सॉक्रेटिसचा एक संवाद दिला आहे. निकोमाखिदीस नावाचा माणूस चिडून येतो: मी लोखागोस म्हणून, ताक्सिआर्खोस म्हणून झिजलो, अंगावर या जखमा (कपडा बाजूला करून दाखवतो), आणि लोकांनी निवडलं कोणाला, तर अंतिस्थेनीसला, ज्याला पैसे गोळा करण्यापलीकडे काही येत नाही. सॉक्रेटिस त्यालाच उलट समजावतो की ज्याला योग्य माणसं शोधून कामाला लावता येतात, तो गायनाचा ताफाही जिंकवतो आणि फौजही. निकोमाखिदीसला ते पटलं असेल असं मला वाटत नाही, पण तक्रार कोणत्या गोष्टीची आहे ते बघा. बढतीचा नियम मोडला असं तो म्हणत नाही, कारण मोडायला नियमच नव्हता.

आणि पदाची दुसरी बाजू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईला आठ स्त्रातेगोसांनी आरमारी लढाई जिंकली, पण अथेन्सची २५ जहाजं गेली. बुडणाऱ्यांना उचलायचं काम ४७ जहाजं देऊन थेरामेनीस, थ्रासिबुलोस वगैरे त्रिएरार्खोस आणि ताक्सिआर्खोसांवर सोपवलं होतं. वादळ आलं, माणसं राहिली. अथेन्सने खटला भरला तो वरच्या आठांवर, एकाच मताने सगळ्यांवर एकत्र. सॉक्रेटिस त्या दिवशी सभा चालवणाऱ्यांत होता, त्याने हे बेकायदा म्हणून विरोध केला. दोघे परत आलेच नव्हते, परतलेल्या सहांना मृत्युदंड. त्यांत पेरिक्लीसचा मुलगा होता. नेमून दिलेल्या कामाची जबाबदारी खाली सरकते का, हा प्रश्न साखळी स्पष्ट नसली की असा सुटतो.

लाल_झगा

म्हणून म्हणतो, स्पार्टा.

उगीचच

तुमच्या स्पार्टाने हद्दपार केलं, अथेन्सने मृत्युदंड दिला. फरक मात्रेचा. :)

सोळावा_गडी

अवांतर: आजच्या ग्रीक सैन्यात हेच शब्द आहेत, आणि आता खरोखर हुद्दे म्हणून. लोखागोस म्हणजे कॅप्टन, सिंताग्मातार्खिस कर्नल, ताक्सिआर्खोस ब्रिगेडियर, उच्चारात थोडा फरक. गोंधळाचं एक मूळ हेही असावं. आजचा शब्दकोश उघडून प्राचीन माणसाला खांद्यावर फीत लावायची.

कात्रणवही

सर्वांचे मनापासून आभार. उतरंड फाडून टाकली. आता असं ठरवतोय, चूक असेल तर बोला:

स्त्रातेगोस, पोलेमार्खोस, बिओतार्खोस हे तसेच ठेवायचे आणि पहिल्या उल्लेखाला शहरासकट एक ओळ द्यायची ('अथेन्सने त्या वर्षी निवडलेल्या दहांपैकी एक'). ताक्सिआर्खोस अथेन्सचा असेल तर 'फिलीच्या पलटणीचा प्रमुख'. हिप्पार्खोस 'घोडदळप्रमुख', दोघे, पाच-पाच फिलींचे. लोखागोसच्या पुढे दर वेळी आकडा. किबेर्नेतेस 'तांडेल', त्रिएरार्खोस 'जहाजाचा खर्चकरी प्रमुख' (बोजड आहे, सुचवा). मॅसिडोनियन रांगेचा पहिला 'म्होरक्या'.

अडलंय ते उरागोसवर. रांगेच्या शेवटी उभा राहणारा. 'चंदावल' चालेल का?

मोडी_आणि_मी

चंदावल म्हणजे फौजेची सबंध पिछाडी, एक माणूस नव्हे. बिनी पुढे, चंदावल मागे.

सोळावा_गडी

शिवाय उरागोस पिछाडी राखत नाही, रांगेलाच पुढे रेटतो. आठ-सोळांच्या रांगेत मधले पळायला लागले तर त्यांना अडवणारा तोच. म्हणून पोथ्यांत म्होरक्यानंतर सर्वांत भरवशाचा माणूस शेवटी ठेवायला सांगतात, आणि बॅबिलोनच्या त्या रांगेतही शेवटचा माणूस जादा पगाराचा मॅसिडोनियनच आहे.

तांडेल_बंदर

'शेवटला'? क्रिकेटमधल्या अकराव्यासारखं वाटतं.

मोडी_आणि_मी

'पाठराखा' घ्या. पाठ राखतो आणि पाठीवर हातही ठेवतो.

कात्रणवही

पाठराखा. घेतला. त्रिएरार्खोस अजून बाकी आहे.

वाकडी_वाट

वर्षभर पदरचे पैसे घालायचे, काम दुसऱ्याने करायचं, नाव आपलं. 'यजमान'.

फरसबंदी

विनोद म्हणून लिहिलंत, पण याहून जवळचा शब्द मला सुचत नाही.